वंशसंहार, सिनेमा आणि बचावलेली माणसे : ठाण्यातील अभ्यासवर्गाच्या नोंदी

२ जून २०२५

वंशसंहाराचे आणि त्यातून बचावलेल्या माणसांचे सिनेमात होणारे चित्रण या विषयावरील अभ्यासवर्गाला वाचनालयाच्या कार्यकारिणीने आज मान्यता दिली. नौपाड्यातील इमारतीचे वरच्या मजल्यावरील दालन ५ जुलैपासून शनिवारी संध्याकाळी मिळेल. सहा सत्रे होतील आणि प्रत्येक सत्राआधी एक मराठी टिपण वाटले जाईल. नावे नोंदवलेल्यांत कळवा, मुंब्रा, ऐरोली आणि कल्याणहून येणारे पदवीचे विद्यार्थी बहुसंख्य आहेत. शिवाय काही शिक्षक आणि वाचनालयाचे जुने सभासद आहेत.

बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "सर, कोवळ्या वयाच्या मुलांना इतके भीषण दाखवून आपण काय साधणार?" प्रश्न रास्त होता आणि तो पहिल्याच टिपणात घ्यायचा असे मी ठरवले आहे. मुलांनी प्रेतांचे ढीग पाहिलेलेच आहेत; मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांनी, कुठले, कधीचे, कोणी टिपलेले याचा पत्ता नसताना पाहिलेले आहेत. त्यांना भीषणता दाखवण्यासाठी हा वर्ग नाही. ती कोणी दाखवली, कशासाठी दाखवली आणि ज्या माणसावर ती गुदरली व जो त्यानंतरही जगला त्याला त्या चित्रपटात कोणती जागा मिळाली, हे बारकाईने पाहता यावे यासाठी आहे. संहार किती हुबेहूब उभा केला यावरून अशा चित्रपटांची थोरवी ठरवण्याची सवय समीक्षकांनाही आहे. बचावलेल्या माणसाला चित्रपटाने पुराव्यादाखल उभे केले, शोभेला बसवले, की बोलण्याचा आणि गप्प राहण्याचाही अधिकार दिला, ही कसोटी मला अधिक खरी वाटते. सर्व सत्रे तिच्याभोवती बेतायची.

९ जून

व्याप्ती ठरवली. राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ साली या गुन्ह्याला नाव दिले आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याविरुद्धचा करार संमत केला. करारातील व्याख्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय आणि धार्मिक अशा चार प्रकारच्या समूहांपुरती आहे. राजकीय समूह वाटाघाटींत वगळले गेले. त्यामुळे १९६५-६६ मध्ये इंडोनेशियात कम्युनिस्ट ठरवून मारलेली किमान पाच लाख माणसे तिच्यात सरळ बसत नाहीत. कंबोडियातही ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्या हयात नेत्यांना २०१८ मध्ये न्यायाधिकरणाने वंशसंहारासाठी दोषी धरले ते व्हिएतनामी आणि चाम मुस्लिम समाजांच्या बाबतीत. बहुसंख्य ख्मेर जनतेवरील अत्याचार मानवतेविरुद्धचे गुन्हे म्हणून गणले गेले. दोन्ही देश आपण घेणार आहोत, मात्र हा भेद टिपणात स्पष्ट लिहायचा. प्रत्येक हत्याकांडाला सरसकट एकच नाव देण्याची घाई शेवटी संहार नाकारणाऱ्यांच्याच पथ्यावर पडते.

१७ जून

आजचा सगळा वेळ अरोरा मार्दिगानियनवर गेला आणि तो सार्थकी लागला. १९१५ मध्ये ऑटोमन साम्राज्यातील आर्मेनियन लोकांना घरादारातून काढून वाळवंटाकडे हाकलले गेले, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरची माणसे गमावून, विकली जाऊन, पळून, ती १९१७ मध्ये न्यूयॉर्कला पोचली. तिची कहाणी आधी वर्तमानपत्रांत, मग पुस्तकात आली आणि १९१९ मध्ये हॉलिवूडने तिच्यावर मूकपट काढला. त्यात अरोराची भूमिका अरोरानेच करायची होती.

इंग्रजी जेमतेम कळत असताना तिने करारावर सही केली. मोबदला आठवड्याला पंधरा डॉलर ठरला. स्टुडिओत लाल फेझ टोप्या घातलेले नट समोर आले, तेव्हा आपल्याला फसवून पुन्हा तुर्कांच्याच हाती दिले असे वाटून ती हादरली. चित्रीकरणात तिचा घोटा मोडला तरी काम थांबले नाही. पुढे निर्वासितांच्या मदतनिधीसाठी चित्रपट गावोगाव दाखवताना तिला पडद्याशेजारी उभे करण्यात येऊ लागले, ती त्या दगदगीने कोलमडली, आणि मग तिच्यासारख्या दिसणाऱ्या मुली नेमून दौरा चालू ठेवण्यात आला.

चित्रपटात नग्न तरुणींना ओळीने क्रुसांवर चढवल्याचे दृश्य आहे आणि त्याची छायाचित्रे आजही सत्य घटनेची म्हणून फिरतात. म्हातारपणी अरोराने सांगितले की तसे घडले नव्हते. तिने पाहिलेला प्रकार टोकदार खुंटांवर बसवून मारण्याचा होता आणि तो अमेरिकी प्रेक्षकांना दाखवणे अशक्य म्हणून क्रूस आणले गेले. ज्या मुलीने तो प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, तिला चित्रीकरणाच्या जागी हजर ठेवून चित्रपटाने प्रेक्षकांच्या ओळखीचे, धार्मिक भावनेला हात घालणारे दुसरेच दृश्य उभे केले. बचावलेल्या व्यक्तीला घेऊन काढलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रपटाची ही हकीकत आहे. हे वाचून मी फार अस्वस्थ झालो, कारण पुढच्या शंभर वर्षांत या माध्यमाने बचावलेल्या माणसांशी जे जे केले त्यातले बरेच काही इथेच दिसते.

मूळ चित्रपटाची वीसेक मिनिटेच आज शिल्लक आहेत. इना साहाक्यान या आर्मेनियन दिग्दर्शिकेच्या २०२२ मधील ॲनिमेशनपटात ते तुकडे आणि वृद्ध अरोराच्या चित्रित मुलाखती एकत्र आल्या आहेत. पहिल्या सत्राआधी यातली दहा मिनिटे दाखवायची. खुर्चीत बसून स्वतःच्या शब्दांत सांगणारी अरोरा मुलांना आधी भेटावी, हॉलिवूडची अरोरा नंतर.

२४ जून

सार्वजनिक प्रदर्शनाच्या परवानग्यांची पत्रे गेली. ज्यांची परवानगी येणार नाही त्यांतील प्रसंग फक्त चर्चेत, वर्णन करून घ्यायचे.

समुपदेशनाचे काम करणाऱ्या एका ताईंनी टिपणे वाचून काही सूचना दिल्या, त्या सगळ्या स्वीकारल्या आहेत. दालनातले मागचे दिवे लावलेले राहतील. दार उघडे राहील आणि उठून जाणाऱ्याला कोणी कारण विचारणार नाही. पुढे काय दिसणार आहे हे आधी सांगितले जाईल. धक्का हा शिकवण्याचा मार्ग नव्हे, असे त्या ठामपणे म्हणाल्या. त्यांची आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटली : आपल्याच वर्गात दंगलीत, घरात किंवा रस्त्यावर हिंसा सोसलेले कोणी असू शकते, आणि ते सांगणार नाही. तेव्हा "कल्पना करा, तुम्ही तिथे असता तर" अशा धर्तीचा एकही प्रश्न टिपणांत ठेवायचा नाही.

२८ जून

इटालियन दिग्दर्शक जिलो पोंतेकोर्वो यांच्या १९६० मधील 'कापो' या चित्रपटात नाझी छावणीतील एक स्त्री विजेच्या तारांवर झोकून देऊन मरते आणि कॅमेरा पुढे सरकत तिच्या शरीराची नीट चौकट बांधतो. १९६१ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक-समीक्षक झाक रिव्हेत यांनी त्या एका हालचालीवर लिहिताना, असे करणारा माणूस फक्त तिरस्काराला पात्र आहे असे म्हटले. काही सेकंदांच्या कॅमेरा-हालचालीवर इतका राग कशासाठी, असे मुलांना वाटेल. म्हणूनच हा प्रसंग घेतला पाहिजे. मरणारी व्यक्ती मरून गेल्यावरही कॅमेऱ्याला तिच्याकडून काहीतरी हवे असते, एक सुंदर चित्र हवे असते. रिव्हेत यांचा आक्षेप त्या हव्यासाला होता. मला तो पूर्ण पटतो. ज्यांना तो अतिरेकी वाटेल त्यांनी वर्गात जरूर वाद घालावा.

५ जुलै

पहिले सत्र. धो धो पावसातही दालन भरले.

सुरुवात १९४५ पासून केली. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी नाझी नेत्यांवरील खटल्यात न्यूरेंबर्गच्या न्यायालयात मित्रराष्ट्रांच्या पथकांनी नाझी छावण्यांत टिपलेला सुमारे तासाभराचा चित्रपट पुरावा म्हणून दाखवला गेला. त्याच वर्षी ब्रिटिश निर्माते सिडनी बर्नस्टीन यांनीही अशाच चित्रफितींतून एक मोठा माहितीपट जुळवायला घेतला होता. आल्फ्रेड हिचकॉक यांनी त्यात सल्ला दिला तो असा की शक्य तिथे दृश्य मध्ये न कापता कॅमेरा सलग फिरता ठेवावा आणि प्रेते व ती पाहायला आणलेले आसपासचे नागरिक एकाच चौकटीत यावेत, म्हणजे हे बनावट आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तो माहितीपट तेव्हा बासनात गेला आणि ब्रिटनच्या युद्धसंग्रहालयाने २०१४ मध्ये पूर्ण केला. या चित्रफितींचे ऋण मोठे आहे. तरी त्यांतली जिवंत माणसे बहुतांशी निनावी आहेत आणि त्यांना कोणी फार काही विचारत नाही. पुराव्याची तातडी समजण्याजोगी होती. बचावलेल्या माणसाचे स्थान मात्र पुराव्याचेच राहिले, आणि ते पुढे बराच काळ तसेच चालू राहिले.

आलँ रेने यांच्या १९५६ च्या 'नाइट अँड फॉग'चे ३२ मिनिटांचे संपूर्ण प्रदर्शन झाले. गवत उगवलेल्या छावण्या रंगीत, भूतकाळ कृष्णधवल. निवेदन लिहिणारे झाँ कायरोल स्वतः माउथाउझेन-गुसेन छावणीतून परतलेले कवी होते. बचावलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही, पण वाक्ये त्याची आहेत. निवेदनात ज्यूंचा उल्लेख एका विद्यार्थ्यापुरताच येतो, ही उणीव आता डोळ्यांत भरते आणि ती मी झाकली नाही.

मग एकाच छायाचित्राच्या दोन प्रती शेजारी शेजारी लावल्या. फ्रान्समधील पिथिव्हिए येथील छावणीच्या पहाऱ्यावर एक पोलीस पाठमोरा उभा आहे. एका प्रतीत त्याची उंच गोल टोपी स्पष्ट दिसते आणि तो फ्रेंच पोलीस आहे हे कळते. दुसऱ्या प्रतीत टोपीवरून एक आडवे लाकूड गेलेले आहे. फ्रेंच सेन्सॉरच्या आग्रहाखातर ते रंगवून घातले होते. ऐरोलीहून येणारी एक विद्यार्थिनी पडद्याजवळ जाऊन बराच वेळ ते पाहत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सर, प्रेते दाखवायला हरकत नव्हती, फक्त टोपी नको होती." यापेक्षा नेमके मला मांडता आले नसते.

१२ जुलै

काल ११ जुलै होती. बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे गाव बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडल्याला तीस वर्षे झाली. संयुक्त राष्ट्रांनी मे २०२४ मध्ये हा दिवस त्या वंशसंहाराच्या स्मरणासाठी ठरवला आहे. जुलै १९९५ मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक (बोस्नियन मुस्लिम) पुरुष आणि मुलगे मारले गेले, तेही संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या भागात, जिथे डच शांतिसैनिक तैनात होते.

याझमिला झ्बानिच यांचा २०२० मधील 'क्वो वादिस, आयडा?' पाहिला. आयडा ही पेशाने शिक्षिका. युद्धकाळात ती शांतिसेनेसाठी दुभाषी म्हणून काम करते आणि आपला नवरा व दोन मुलगे यांना तळाच्या आत ठेवण्यासाठी धावत राहते. हत्येचा प्रसंग दिग्दर्शिकेने कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. पुरुषांना एका सभागृहात कोंबतात. भिंतीत वर प्रोजेक्टरचे झरोके आहेत, आणि त्यांतून बंदुकांच्या नळ्या बाहेर येतात. त्यानंतर आपण बाहेरच्या रस्त्यावर असतो आणि फक्त आवाज ऐकू येतो. ज्या झरोक्यांतून सिनेमा यायचा तिथूनच गोळ्या येतात, हे सिनेमाच्या दिग्दर्शिकेने न बोलता दाखवले आहे.

चर्चा मात्र त्यावर कमी आणि शेवटावर जास्त झाली. आयडा गावी परतते, तिच्या घरात दुसरेच कुटुंब राहते आहे, आणि ती पुन्हा त्याच शाळेत शिकवायला जाते, जिथे समोर मारणाऱ्यांचीही मुले बसलेली आहेत. वर्गातल्या शिक्षकांना हे पाहवले नाही. बहुतेक चित्रपट सुटकेपाशी संपतात. सुटकेनंतर रोज सकाळी उठून त्याच रस्त्याने जावे लागते, हे दाखवण्याचे धैर्य थोड्यांकडे असते. झ्बानिच यांच्याच २००६ मधील 'ग्रबावित्सा'ला बर्लिनमध्ये सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि युद्धात बलात्कार सोसलेल्या स्त्रियांना नागरी युद्धपीडित म्हणून कायद्याने मान्यता मिळावी यासाठी बोस्नियात चाललेल्या मोहिमेला त्या चित्रपटाने बळ दिले. सिनेमाने काय होते असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण द्यायचे.

१९ जुलै

क्लोद लांझमान यांचा नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचा १९८५ चा 'शोआ' नऊ तासांहून मोठा आहे. त्यात एकही जुनी चित्रफीत नाही, आहेत ती आजची ठिकाणे, आजची माणसे आणि त्यांचे बोलणे. आम्ही दोन प्रसंग घेतले.

पहिला : सिमोन स्रेबनिक तेरा वर्षांचा असताना पोलंडमधील खेल्मनोच्या संहारकेंद्रात कामाला जुंपला गेला होता, नदीवरून होडीतून जाताना पहारेकरी त्याला गायला लावत. शेवटी त्याच्या डोक्यात गोळी घातली गेली, तरी तो वाचला. लांझमान त्याला त्या गावी परत घेऊन जातात. चर्चसमोर गावकरी त्याच्याभोवती जमतात, त्याला ओळखतात, आनंद व्यक्त करतात. ज्यूंच्या वाट्याला हे का आले, असे विचारल्यावर त्यांच्यातला एक जण ख्रिस्ताच्या मृत्यूचे पाप ज्यूंच्या माथी असल्याची कथा सांगू लागतो, आणि इतरही बोलू लागतात. स्रेबनिक मधोमध उभा आहे. चेहऱ्यावर आधी संकोचाचे हसू, मग तेही नाही. कोणीही त्याला काही विचारत नाही.

वर्गात ठाण्याच्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातील एक आजी येतात. टेंभी नाक्याजवळचे १८७९ मधील सिनेगॉग त्यांच्या लहानपणापासूनचे. आमच्या पूर्वजांवर हा प्रसंग आला नाही, आम्ही कोकणातले, मराठीतली कीर्तने ऐकत वाढलो, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. युरोपातल्या ज्यूंचे दुःख आपल्या नावावर घेऊ नये, याबाबत त्या फार काटेकोर आहेत. आज त्या म्हणाल्या, "त्याच्याबद्दल सगळे बोलताहेत, पण त्याच्याशी कोणीच बोलत नाही. तो कुठल्या क्षणी हसायचा थांबतो, तेवढे मला पुन्हा दाखवा." तो भाग पुन्हा दाखवला. मग वर्गाने मिनिटामिनिटाने चेहरा वाचला, आणि गर्दीचे प्रेम व गर्दीचा द्वेष एकाच वेळी एकाच माणसाभोवती कसे उभे राहू शकतात हे सगळ्यांना दिसले.

दुसरा प्रसंग आब्राहाम बोंबा यांचा. ट्रेब्लिंका येथे गॅसचेंबरमध्ये नेलेल्या स्त्रियांचे केस कापण्याचे काम त्यांच्याकडून करवून घेतले जात असे. लांझमान यांनी इस्राएलमधील एका केशकर्तनालयात, गिऱ्हाइकाचे केस कापताना त्यांना बोलते केले. कात्री चालू आहे, आवाज सपाट आहे. मग आपल्याच गावच्या एका सहकाऱ्याची बायको आणि बहीण आत आल्याचे सांगण्याची वेळ येते आणि बोंबा थांबतात. टॉवेलने चेहरा पुसतात. मला हे करायला लावू नका, अशी विनवणी करतात. लांझमान सांगतात की हे केलेच पाहिजे. कॅमेरा थांबत नाही.

यावर वर्ग उभा दुभंगला. काहींच्या मते ही क्रूरता आहे. माणसाला त्याच खोलीत परत ढकलण्याचा अधिकार कोणाला? काहींचे म्हणणे, हे न सांगता बोंबा गेले असते तर त्या दोन स्त्रियांचे जाणे जगाला कधीच कळले नसते, आणि बोंबांनी थोड्या वेळाने स्वतःच पुढे सांगितले. माझे मत मी राखून ठेवले नाही. साक्ष अमोल आहे, तरी माझ्या कसोटीवर लांझमान तिथे चुकतात. गप्प राहण्याचा अधिकार त्या क्षणी बोंबांचा होता. आजी याच्या पूर्ण विरुद्ध मताच्या आहेत. त्यांचे म्हणणे, लांझमान आग्रह धरणारे माणूस होते म्हणून तर बोंबा बोलले. दोन्ही मते टिपणात छापायची.

२६ जुलै

पावसामुळे उपस्थिती कमी; तरी सत्र घेतले. रवांडा, एप्रिल ते जुलै १९९४. सुमारे शंभर दिवसांत आठ लाख माणसे मारली गेली असा सर्वसाधारण अंदाज आहे, बहुतेक तुत्सी या अल्पसंख्य समाजाची, आणि मारणारे अनेकदा शेजारीच. प्रत्यक्ष हत्येची चित्रफीत जवळजवळ नाही. निक ह्यूज या ब्रिटिश कॅमेरामनने किगालीत एका उंच इमारतीवरून दुरून टिपलेले दृश्य हे मोजक्या अपवादांपैकी एक.

जगाने रवांडा ओळखला तो मात्र २००४ च्या 'हॉटेल रवांडा'मधून, ज्याचे बरेचसे चित्रीकरण दक्षिण आफ्रिकेत झाले आणि ज्यातील नायकाच्या थोरवीबद्दल त्या हॉटेलात आसरा घेतलेल्या कित्येकांनीच पुढे हरकत घेतली. त्याच्या शेजारी २००५ चा 'शूटिंग डॉग्ज' ठेवला. ज्या तांत्रिक शाळेत सुमारे अडीच हजार लोकांनी आसरा घेतला होता आणि ११ एप्रिल रोजी बेल्जियन शांतिसैनिक निघून गेल्यावर ज्यांना मारण्यात आले, तिथेच त्याचे चित्रीकरण झाले. शेवटी चित्रपटाच्या पथकात काम केलेल्या बचावलेल्या माणसांची छायाचित्रे येतात : नाव, पथकातले काम, आणि घरातले कोण कोण गेले. कथेचा नायक मात्र इथेही गोरा धर्मगुरू आणि गोरा तरुण शिक्षक. मुंब्र्याच्या एका विद्यार्थ्याने विचारले की श्रेयनामावलीत ज्यांना जागा मिळाली त्यांना कथेत का मिळाली नाही. पैसे लावणाऱ्यांना गोऱ्या प्रेक्षकाची काळजी असते, हे त्याचे एक उत्तर झाले. ते पुरेसे नाही.

२ ऑगस्ट

कंबोडिया, १९७५ ते १९७९. सतरा लाखांच्या आसपास माणसे उपासमारीने, आजाराने, कष्टाने आणि हत्येने गेली.

१९८४ च्या 'द किलिंग फील्ड्स'मधील हाइंग न्गोर यांच्यापासून सुरुवात केली. ते डॉक्टर होते. ख्मेर रूजच्या राज्यात शिकलेला माणूस म्हणजे शत्रू, म्हणून त्यांना आपला पेशा लपवावा लागला, आणि त्याच काळात त्यांची पत्नी बाळंतपणात गेली. अभिनयाचा काडीचा अनुभव नसताना त्यांनी त्या चित्रपटात भूमिका केली आणि १९८५ मध्ये सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळवले. अरोराच्या तुलनेत इथे बचावलेल्या माणसाला मान मिळाला, हा फरक मोठा आहे. तरीही कथा बरीचशी अमेरिकी पत्रकाराच्या नजरेतून चालते.

रिथी पान यांच्यापाशी मात्र सगळेच बदलते. आईवडील आणि भावंडे त्या काळात गमावलेला हा मुलगा पुढे दिग्दर्शक झाला. नोम पेन्हमधील एस-२१ हा तुरुंग मुळात शाळेची इमारत. तिथे बारा हजारांहून अधिक माणसे नेली गेली आणि वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. त्यांपैकी एक, चित्रकार वान नाथ, ख्मेर रूजचा प्रमुख पोल पॉट याची चित्रे काढण्यासाठी जिवंत ठेवले गेले होते. पान यांच्या २००३ मधील माहितीपटात वान नाथ जुन्या पहारेकऱ्यांना त्याच इमारतीत, आपण काढलेल्या चित्रांसमोर उभे करून शांतपणे प्रश्न विचारतात. प्रश्न विचारणारा बचावलेला आहे. उत्तर देण्याची पाळी दुसऱ्यांची आहे.

एक प्रसंग संपूर्ण दाखवला. एक माजी पहारेकरी, जो तेव्हा पोरसवदा होता, रिकाम्या कोठडीत आपली रात्रपाळी करून दाखवतो. कडी काढतो, आत जातो, नसलेल्या कैद्यावर ओरडतो, त्याचे खिसे चाचपतो, पाणी देतो, बाहेर येतो, कडी घालतो, आणि पुन्हा तेच. शरीराला सगळे पाठ आहे. कॅमेरा दाराशी थांबतो. पान यांनी नंतर सांगितले की आत पाऊल टाकले असते तर ते कैद्यांच्या अंगावर पडले असते. 'कापो'मधील पुढे सरकणारा कॅमेरा आणि उंबऱ्याशी थांबणारा हा कॅमेरा एकामागोमाग दाखवले आणि त्यानंतर मी काहीही समजावून सांगितले नाही. तशी गरज नव्हती.

पान यांच्या २०१३ च्या 'द मिसिंग पिक्चर'मधील मातीच्या बाहुल्यांचा भाग वेळेअभावी थोडाच झाला. ज्या गोष्टींची चित्रफीत कोणी काढली नाही, त्या त्यांनी हाताने घडवलेल्या, न हलणाऱ्या आकृत्यांतून मांडल्या आहेत. श्राद्धाच्या वेळी पिंड मांडावेत तसे त्या आकृत्यांकडे पाहताना वाटले.

१० ऑगस्ट

काल राखीपौर्णिमा, पुढच्या शनिवारी गोपाळकाला आणि तेव्हा टेंभी नाका ते नौपाडा वाहतूक बंद. म्हणून मधले दोन शनिवार सुट्टी. या काळात एका विद्यार्थिनीचे पत्र आले. तिने विचारले आहे की लोकप्रिय चित्रपट आपण मुद्दाम टाळतो आहोत का. तिला या विषयाची ओळख 'शिंडलर्स लिस्ट'नेच झाली होती. तिचा प्रश्न योग्य आहे आणि उत्तर सविस्तर लिहिले.

लोकप्रिय कृतींना कमी लेखता येत नाही. १९७८ ची अमेरिकी दूरदर्शन मालिका 'होलोकॉस्ट' बचावलेले लेखक एली वीझेल यांनी अपमानकारक ठरवली. तीच मालिका जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम जर्मनीत सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिली, प्रत्येक भागानंतर हजारो फोन आले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत जर्मन संसदेने खुनाच्या खटल्यांची कालमर्यादा रद्द केली. त्या निर्णयाची चर्चा आधीपासून चालू होती, पण मालिकेने लोकमत हलवले हे नाकारता येत नाही. स्पीलबर्ग यांच्या १९९३ मधील 'शिंडलर्स लिस्ट'मधला स्त्रियांच्या न्हाणीघराचा प्रसंग मला आजही असह्य वाटतो, कारण गॅस येणार की पाणी यावर प्रेक्षकाची उत्कंठा ताणलेली आहे. त्याच चित्रपटाच्या शेवटी खरी बचावलेली माणसे नटांचा हात धरून, त्यांना वाचवणारे जर्मन कारखानदार शिंडलर यांच्या कबरीवर खडे ठेवतात, आणि त्यातून १९९४ मध्ये उभ्या राहिलेल्या संस्थेने पन्नास हजारांहून अधिक बचावलेल्यांच्या व इतर साक्षीदारांच्या मुलाखती जपल्या. आउश्वित्झमधून वाचलेले नोबेलविजेते लेखक इम्रे कर्तेस यांनी 'शिंडलर्स लिस्ट'ला दिखाऊ म्हटले आणि ज्या 'लाइफ इज ब्युटिफुल'वर अनेकजण तुटून पडले त्याची बाजू घेतली. बचावलेल्यांचे सगळ्या बाबतीत एकमत असते असे गृहीत धरणे, हाही त्यांना माणूस म्हणून न पाहण्याचाच प्रकार आहे.

२३ ऑगस्ट

शेवटचे सत्र. जोशुआ ओपनहायमर यांचा इंडोनेशियातील १९६५-६६ च्या हत्याकांडावरचा २०१४ चा 'द लुक ऑफ सायलेन्स'. आदी हा फिरता चष्मेवाला. त्याच्या जन्माआधी त्याचा भाऊ रामली मारला गेला आणि मारणारे चित्रीकरणाच्या काळातही गावात मानाने राहत होते. आदी त्यांचे डोळे तपासायला जातो, नाकावर चाचणीची जड फ्रेम बसवतो, भिंगे बदलतो, आणि मध्येच हळू आवाजात विचारतो की तुम्ही त्या वेळी काय केले. एका घरात वडिलांनी माणसे मारून रक्त प्याल्याचे त्यांची मुलगी पहिल्यांदाच ऐकते, गोंधळते, आणि आदीची क्षमा मागते. आदी तिला जवळ घेतो. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत कित्येकांच्या नावाच्या जागी 'अनामिक' असे आहे, कारण नाव छापणे धोक्याचे होते. आदीच्या कुटुंबालाही राहते गाव सोडावे लागले. प्रश्न विचारण्याचा अधिकार बचावलेल्यांच्या घरात पोचला, पण त्याची किंमतही त्याच घराने मोजली.

चर्चेत आज ठाण्या-मुंबईतल्या दंगलींचा विषय निघाला, फाळणीचा निघाला. या घटनांना कायद्याच्या व्याख्येत घाईने बसवायचे नाही, पण बचावलेल्या माणसाला जागा कोणती हा प्रश्न तिथेही लागू होतो, यावर सर्वांचे एकमत झाले. दोन विद्यार्थी घरच्यांशी बोलून लिहिणार आहेत. कोणी सांगायला तयार नसेल तर विचारायचे नाही, हे त्यांनीच आपण होऊन म्हटले.

३१ ऑगस्ट

टिपणांचा संच वाचनालयाच्या संदर्भ विभागात ठेवला. गणपती उठल्यावर एक जादा सत्र घ्यायचे असे ठरले आहे : पूर्व बंगाल (आजचा बांगलादेश), १९७१. जहीर रायहान यांचा 'स्टॉप जेनोसाइड' हा सुमारे वीस मिनिटांचा माहितीपट संहार चालू असतानाच, परागंदा अवस्थेत, निर्वासितांच्या तांड्यांमध्ये जाऊन केलेला आहे. सोबत भारतीय दिग्दर्शक सुखदेव यांचा १९७२ चा 'नाइन मन्थ्स टु फ्रीडम' मिळाला तर दोन देशांच्या दोन कॅमेऱ्यांनी तीच माणसे कशी पाहिली याची तुलना करता येईल. रायहान देश स्वतंत्र झाल्यावर ढाक्याला परतले आणि पळवून नेलेल्या आपल्या भावाला शोधायला म्हणून ३० जानेवारी १९७२ रोजी मीरपूरला गेले ते परत आले नाहीत. आपल्या कसोटीत बचावलेल्याची आणि चित्रपट करणाऱ्याची जागा आतापर्यंत वेगळी धरली होती. रिथी पान यांच्यापाशी त्या दोन्ही एक झाल्या, आणि रायहान यांच्यापाशी तर बचावणेच अपुरे राहिले. हे टिपण ऐरोलीची विद्यार्थिनी आणि मुंब्र्याचा विद्यार्थी मिळून लिहिणार आहेत. कच्चा मसुदा १४ सप्टेंबरपर्यंत द्यायचा आहे, आणि तो आजी तपासतील.